मांजर घरातच ठेवायचं की बाहेर सोडायचं? पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत

फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी आली आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांजर हा विषय जो सुरू झालाय तो थांबायचं नाव घेत नाही. कुत्र्यांवरून भांडणं आधीपासून होतीच, त्याच वर्षी भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचे आदेश आले, मग कुणीतरी विचारलंच की मांजरांचं काय? एक गट म्हणतो पाळायचं तर घरात ठेवा, दुसरा म्हणतो मुक्या जिवाला असं कोंडून ठेवणं पाप आहे. आणि दोन्हीकडे मांजरांवर मनापासून माया करणारी माणसं आहेत, म्हणून तर हे भांडण मिटत नाही.

मी कर्वेनगरला सहाव्या मजल्यावर राहते. घरात दोन मांजरं आहेत, आणि खाली पार्किंगमध्ये पाच, ज्यांना मी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू मिळून सांभाळतो. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या आणि वाचन करून जे समजलं ते लिहितेय. माझं मत आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: शहरात पाळलेलं मांजर घरात असावं. पण नुसतं दार लावून घेतलं की काम झालं असं समजणाऱ्यांना मला जास्त सांगायचंय, कारण दार लावणं हे निम्मंच काम आहे.

मुळात मांजर घरातलं झालं कधी?

कुत्र्याला माणसानं सोबत घेतलं, शिकवलं, कामाला लावलं. मांजराचं तसं नाही. साधारण 10 हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात लोक शेती करायला लागले, धान्य साठवायला लागले, धान्याला उंदीर आले आणि उंदरांच्या मागे तिकडचं रानमांजर आलं. म्हणजे ते आपल्याकडे त्याच्या कामासाठी आलं आणि आपल्यालाही ते सोयीचं पडलं. सायप्रस बेटावर साधारण 9,500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं, म्हणजे तेव्हापासून तरी लळा आहे.

माझी आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. तिच्याकडे मांजर होतं असं आम्ही म्हणायचो, पण ते फक्त तिचं नव्हतंच, ते कौलांवरून चार वाडे फिरायचं, एका घरी दूध, दुसऱ्या घरी मासळीची डोकी, तिसऱ्या घरी माळ्यावर बाळंतपण. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतो ना, ते वाड्यांच्या पुण्यात अगदी शब्दशः खरं होतं.

मांजर चोवीस तास घरात ठेवणं ही कल्पनाच फार अलीकडची आहे, कारण शी-शूची सोय नव्हती. 1947 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या माणसाने शेजारणीला मांजराच्या टोपल्यासाठी राखेऐवजी दाणेदार 'फुलर्स अर्थ' देऊन बघितली. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती, जी आपण तोंडाला लावतो! तिने वास आणि ओल दोन्ही धरलं आणि तिथून आजचं कॅट लिटर आलं. म्हणजे घरातलं मांजर ही गोष्ट जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. त्यामुळे जुनी माणसं जेव्हा म्हणतात "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" तेव्हा ती खरंच बोलत असतात, त्यांना उडवून लावू नका.

बाहेर म्हणजे नक्की कुठे?

इथे एक शब्द समजून घेऊया, हद्द. मांजर वाऱ्यासारखं कुठेही भटकत नाही, त्याची ठरलेली हद्द असते, तिथले रस्ते, लपायच्या जागा, दुसऱ्या बोक्याच्या यायच्या वेळा सगळं त्याला पाठ असतं. 2020 मध्ये सहा देशांतल्या 925 पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की बहुतेक मांजरं घरापासून 100 मीटरच्या आतच फिरतात.

आता तुमच्या बिल्डिंगपासून 100 मीटर मनातल्या मनात चालून बघा. आजीच्या वाड्याच्या 100 मीटरमध्ये कौलं, चौक, आड आणि बोळ होते, बोळातून फार तर सायकल जायची. माझ्या बिल्डिंगच्या 100 मीटरमध्ये दोन मजली पार्किंग आहे, मेन रोड आहे, चिकनचं दुकान आणि तिथे बसणारी सात-आठ कुत्री आहेत, आणि शेजारच्या सोसायटीचा कचरा जमा करायचा कोपरा, जिथे पेस्ट कंट्रोलवाले उंदराचं औषध टाकून जातात. मांजर तेच आहे, हद्दही तेवढीच आहे, हद्दीत जे आहे ते बदललंय. माझ्या मताचं मूळ इतकंच आहे.

गाड्यांचं सांगायलाच नको. इंग्लंडमध्ये हजारो मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा पाच वर्षांच्या आत मेलेल्या मांजरांमध्ये सगळ्यात मोठं कारण इजा निघालं आणि त्यात बरीचशी रस्त्यावरची. तरुण मांजर, काही आजार नसलेलं. आणि थंडीत पुण्यात पारा खाली गेला की मांजरं गाडीच्या गरम बॉनेटमध्ये शिरून झोपतात, डिसेंबर-जानेवारीत गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, एवढं तरी सगळ्यांनी करावं.

उंदराच्या औषधाचं लोकांना पटकन लक्षात येत नाही, म्हणतात आमचं मांजर कुठे औषध खातंय? ते उंदीर खातं हो. बरीचशी औषधं रक्त गोठू न देणारी असतात, उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि असा उंदीर पकडायला सगळ्यात सोपा. ते विष मग मांजराच्या पोटात. शिवाय बोक्यांच्या मारामाऱ्या, चावलेल्या जागी आठवड्याने फुगणारी गळवं, चाव्यातून पसरणारा एफआयव्ही, म्हणजे माणसांच्या एचआयव्हीच्या जातीचा पण फक्त मांजरांना होणारा विषाणू.

पण मांजर पडलं तरी पायावरच पडतं ना?

पडतं, बऱ्याचदा. हवेत असताना कान आतून सांगतो खाली कुठे, आणि लवचीक पाठीमुळे ते आधी पुढचं अंग वळवतं, मग मागचं. न्यूयॉर्कच्या एका जनावरांच्या हॉस्पिटलने 1987 मध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद छापली, उपचार झालेल्यांपैकी साधारण 90 टक्के वाचली होती. हा आकडा लोक फार फिरवतात. पण जी जागेवरच गेली त्यांना हॉस्पिटलमध्ये आणलंच कोणी? हे म्हणजे हेल्मेट न घालता अपघात झालेल्यांपैकी जे वाचले त्यांनाच गाठून विचारायचं, काय हो, हेल्मेट लागतं का? पुण्यात तरी हा मुद्दा समजावून सांगायला नको.

आमची तिळू, संक्रांतीच्या दिवशी सापडली म्हणून तिळू. गॅलरीला जाळी होती, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची, सगळ्या पुण्यात आहे. खालच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीमागे तिने रोज थोडी थोडी कुरतडून चार बोटांचं भोक केलं होतं आणि मला ते कधी दिसलंच नाही कारण कुंडी हलवून झाडायचा मी कंटाळा करायचे. एका सकाळी पावणेसातला ती घरात नव्हती. भोकाच्या कडेला तिचे तीन-चार केस अडकलेले. पार्किंगमध्ये एका अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकाला टेकून बसली होती, तोंड उघडं ठेवून श्वास घेत, आणि मांजर तोंडाने श्वास घेतंय म्हणजे धोका आहे हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. टाळू मधोमध फाटलेला आणि छातीत हवा साठलेली, उंचावरून पडलेल्या मांजरात हे नेहमी दिसतं असं डॉक्टर म्हणाले. पायावरच पडली होती ती. वाचली, पण पहिले काही दिवस नळीने खायला घालावं लागलं.

म्हणून सांगते, कबुतराची जाळी ही मांजराची जाळी नाही. स्टीलची बारीक जाळी लावा. इनव्हिजिबल ग्रिल लावत असाल तर दोन तारांमधलं अंतर मोजा, कारण मांजराचं डोकं जिथून जातं तिथून ते अख्खं जातं, पिल्लू तर सहज.

शिकार हा त्याचा स्वभाव आहे, मग बाहेर जाऊन एखादा पक्षी मारला तर बिघडलं कुठे?

मांजराची भूक आणि मांजराची शिकार ही दोन वेगळी मशिनं आहेत. पोट भरलेलं मांजरसुद्धा पंख फडफडले की दबा धरतंच. पोट भरून जेवलेल्या माणसाला टीव्हीवर क्रिकेट दिसलं की तो उभा राहतो ना, तसं. त्यामुळे 'भरपूर खायला घालतो, आमचं नाही मारत' हे फारसं खरं नसतं, ते आणून दाखवत नसेल एवढंच.

अमेरिकेत 2013 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की तिथे मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. आकडा भयंकर आहे, पण त्याच अभ्यासात असंही आहे की त्यातले बहुतेक पक्षी बिनमालकाच्या मांजरांनी मारलेले असतात. आणि ब्रिटनमध्ये पक्ष्यांसाठीच काम करणारी आरएसपीबी संस्था म्हणते की तिथे मांजरांमुळे पक्ष्यांची संख्या घटते याचा स्पष्ट पुरावा नाही. म्हणून यूट्यूबवर अमेरिकन डॉक्टर सांगतात आत ठेवा, ब्रिटिश लोक दाराला छोटी झडप बसवून मांजराला खुशाल बाहेर सोडतात आणि बघणारा गोंधळतो. दोघंही आपापल्या अंगणाबद्दल बोलतायत. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर मात्र 1894 च्या सुमारास दीपगृहाच्या लोकांबरोबर मांजरं आली आणि जमिनीवरच राहणारी, उडता न येणारी पक्ष्यांची एक चिमुकली जात एक-दोन वर्षांत कायमची संपली. जागा कोणती यावर सगळं आहे.

आपली जागा कोणती? तळजाई, वेताळ टेकडी, पाषाण तलाव, नदीकाठ, यांच्या कडेला लागून आपल्या सोसायट्या आहेत. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी तिथे आहे, आणि शिंपी, बुलबुल, दयाळ तर आपल्या कुंड्यांमध्ये आणि जास्वंदीत घरटी करतात. घरटं एवढं हाताशी असल्यावर मांजराला काय मेहनत? टेकडीला लागून राहत असाल तर माझ्या मते हा प्रश्न उरतच नाही.

घंटा बांधली तर? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी खरंच बांधून बघितली आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापला की घंटेने ठळक काही फरक पडला नाही. फरक कशाने पडला? भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली, आणि मालकाने रोज 5 ते 10 मिनिटं खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोंडून ठेवलं तर ते आजारी नाही का पडणार?

पडू शकतं. घरात ठेवणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं, आणि इथेच मी माझ्याच गटातल्या लोकांशी भांडते. नुसतं आत ठेवलेलं मांजर जाड होतं, कंटाळतं, सोफा फाडतं, मध्यरात्री पायाला चावतं. आणि ताणामुळे मूत्राशयाला सूज येण्याचा त्रास अशा मांजरांत जास्त दिसतो. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय आणि थेंब येत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.

2020 चा एप्रिल आठवा. घरात किराणा होता, पंखा होता, टीव्ही होता, कुणी मारत नव्हतं. तरी दहाव्या दिवशी आपण भिंतीला धडका द्यायच्या बाकी होतो. वन बीएचकेमध्ये वाटीभर दाणे आणि बंद दार मिळालेलं मांजर रोज तोच एप्रिल जगतंय.

त्याला बाहेर जायचं असतं म्हणजे नक्की काय हवं असतं? चढायला, लपायला, टेहळणी करायला आणि दबा धरून झडप घालायला. जागेचं क्षेत्रफळ फारसं लागत नाही, उंची लागते. कपाटाच्या वरची धूळ पुसून तिथे एक गोधडी टाका, पोचायला मधे एखादा फळीचा टप्पा द्या, एवढ्यात त्याचं घर दुप्पट होतं. कुरिअरचा खोका फेकू नका. खिडकीशी, अर्थात जाळी लावलेल्या, एक स्टूल ठेवा. आणि सकाळ-संध्याकाळ, म्हणजे त्याच्या शिकारीच्या वेळेला, काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून दहा मिनिटं खेळा, पीस त्याच्या अंगावर आणू नका, त्याच्यापासून पळवा, कुठला उंदीर मांजराकडे चालत येतो? शेवटी पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. दबा, झडप, पकड, जेवण, मग अंग चाटून झोप, ही साखळी पुरी झाली की ते खरंच शांत होतं. लेझरच्या ठिपक्यात पकडायला काही मिळत नाही म्हणून नुसता लेझर नको.

लिटरचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवावेत असा नियम सांगतात. आणि दूध-पोळीवर मांजर ठेवू नका. त्याला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच लागतो, तो मांसात असतो, पोळीत नसतो, कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आजीच्या मांजराचं दूध-भातावर भागायचं कारण बाकीचं जेवण ते स्वतः बळदात पकडायचं.

ऊन मिळत नाही ही काळजी काकूंना फार होती. उन्हात पडून राहणं मांजराला आवडतं ते ऊबेसाठी, पण ड जीवनसत्त्व ते आपल्यासारखं कातडीतून पुरेसं बनवू शकत नाही, ते त्याला खाण्यातून मिळतं. खिडकीतला कवडसा पुरतो.

बाहेर जातच नाही तर लस कशाला? आणि घरात सून गरोदर आहे, तिचं काय?

पॅनल्यूक (पॅनल्यूकोपेनिया), म्हणजे मांजरांचा पार्व्हो, याचा विषाणू महिनोन्‌महिने जमिनीवर टिकतो आणि आपल्या चपलेला लागून सहाव्या मजल्यावर येऊ शकतो. त्यामुळे पिल्लाचं लसीकरण पूर्ण करायचं, रेबीजचीही लस द्यायची. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आपल्याच घरातलं आहे म्हणून सोडून देऊ नका.

गरोदरपणातली भीती आहे टॉक्सोप्लाझ्माची, हा एक सूक्ष्म परजीवी आहे. मांजराला तो उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन होतो, म्हणजे बाहेर शिकार करणाऱ्यालाच जास्त. मांजर तो बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे शीतून टाकतं, आणि शीतला परजीवी लागण होण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे ट्रे रोजच्या रोज साफ करा, ते काम सुनेला न देता घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करा, मांस शिजवून खा, मातीत काम करताना हातमोजे घाला. यासाठी मांजर घराबाहेर काढायचं कारण नाही, आणि सून गरोदर राहिली म्हणून मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आलेले लोक मी बघितलेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय. पाळलेलं जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मग पार्किंगमधल्यांना पण आत घ्यायचं का?

नाही. जी मांजरं माणसाच्या हाताखाली वाढलीच नाहीत त्यांना घरात कोंडणं ही खरी शिक्षा. त्यांच्यासाठी उपाय एकच, नसबंदीचं ऑपरेशन करून, लस देऊन परत त्याच हद्दीत सोडणं. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पिल्लं, वर्षातून दोन-तीन वेळा. ऑपरेशन झालं की रात्रीचं ओरडणं थांबतं, मारामाऱ्या कमी होतात, ग्रुपवरच्या निम्म्या तक्रारी याच असतात. उचलून लांब सोडलं तर रिकाम्या हद्दीत नवी मांजरं येतात आणि सोडलेलं बिचारं परक्या हद्दीत मार खातं. हडपसरच्या बातमीने मला हेच वाटलं, मायेने एकेक आत घेत जाणं आणि ऑपरेशन न करणं, यातून मांजरांचंच भलं होत नाही. पाळलेल्यांचं म्हणाल तर महापालिकेने 2022 पासून मांजरांचीही नोंदणी करायला सांगितली आहे, ती करून टाका.

आमचा बोका सहा वर्षं बाहेर जातोय, आता कसा थांबेल?

हा प्रश्न तळमजल्यावरच्या काकांचा, त्यांचा गुंड्या. एका कुत्र्याने त्याची शेपटी फाडली तेव्हा त्यांनी ठरवलं. एकदम दार बंद केलं नाही. आधी ऑपरेशन केलं. मग जेवण वाटेल तेव्हा न ठेवता ठरलेल्या वेळी, संध्याकाळी सहाला, म्हणजे निदान रात्री तरी तो आत असेल. मग सकाळचंही तसंच. त्यांच्या गॅलरीला आम्ही स्टीलची जाळी लावून घेतली, आत एक आडवी फांदी बांधली, एका कुंडीत गहू पेरले कारण त्याला गवत चावायची सवय. पहिले दहा दिवस तो रात्रभर दाराशी ओरडला. काका म्हणायचे, "अगं, नाही बघवत गं, सोडतो त्याला." काकू म्हणाल्या, "एकदा सोडलंत तर तो आणखी जोरात ओरडायला शिकेल." ते खरं आहे, ओरडल्यावर दार उघडतं हे कळलं की संपलंच. मग काकांनी पंधरा मिनिटं दोरीचा खेळ सुरू केला, सकाळी फिरून आल्यावर आणि संध्याकाळी जेवणाआधी, गुडघा दुखतो म्हणून खुर्चीत बसूनच.

दीड महिना लागला. आता संध्याकाळी सहा वाजता गुंड्या दाराकडे जात नाही, हॉलमधल्या लाकडी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यासमोर जाऊन बसतो, काका दोरी तिथे ठेवतात.